पीयूसीने गाडीच्या संगणकालाही विचारावे

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. गाडी वाटेत बंद पडेल का, आणि दिवा घालवायला किती पैसे पडतील? गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतो, कोड वाचतो, ‘एरर काढून टाकला’ असे सांगतो आणि दिवा विझतो. एवढ्याने न भागल्यास बॅटरीचा निगेटिव्ह काही वेळ काढून ठेवला जातो. मग गाडी पीयूसी केंद्रात जाते. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून धुराचे आकडे घेतले जातात, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि वर्षभराचे प्रमाणपत्र हातात पडते. ज्या बिघाडामुळे दिवा लागला होता तो तसाच गाडीत असतो, आणि तरीही या प्रमाणपत्रात नियमाप्रमाणे काहीच वावगे नसते. माझा आक्षेप नेमका या नियमालाच आहे. गेल्या दशकभरात विकली गेलेली जवळजवळ प्रत्येक चारचाकी स्वतःच्या प्रदूषणयंत्रणेची तपासणी स्वतःच करत असते आणि तिची नोंद ठेवते. पीयूसीने ती नोंद वाचली पाहिजे. मात्र ती वाचताना दिवा विझलेला आहे एवढे पाहून भागणार नाही. गाडीच्या अंतर्गत चाचण्या मुळात पूर्ण झाल्या आहेत का, हे आधी विचारले पाहिजे. ही अट वगळून केलेली सुधारणा पहिल्याच आठवड्यात निकामी होईल.

हा संगणक करतो काय, ते पाहिल्याशिवाय हे म्हणणे पटायचे नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात तीन घटक मुख्यतः घातक असतात : कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापलेला आणि धडधाकट असेल तर या तिघांचाही ९० टक्क्यांहून अधिक भाग तो निरुपद्रवी करून टाकतो. त्यासाठी हवा आणि इंधन यांचे प्रमाण मात्र फार काटेकोर राखावे लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, असे ते प्रमाण. ते राखण्यासाठी कन्व्हर्टरच्या अलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पलीकडे दुसरा असतो, तो पहारेकऱ्याच्या कामाचा. अलीकडच्या सेन्सरला मिश्रणातला चढउतार सतत जाणवतो. चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे हा चढउतार पलीकडे पोचत नाही. दुसऱ्या सेन्सरची रेषा जवळपास सपाट राहते. कन्व्हर्टर थकत गेला की दुसरी रेषाही पहिलीसारखी वरखाली होऊ लागते. संगणक या दोन रेषा ताडून पाहतो. धूर मोजणारे कसलेही यंत्र जवळ नसताना कन्व्हर्टरमध्ये किती दम उरला आहे, हे त्याला यातून कळते. ही झाली एक चाचणी. अशाच चाचण्या सिलिंडरमधल्या मिसफायरच्या, सेन्सरच्या हीटरच्या, धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणाऱ्या ईजीआरच्या असतात. या प्रत्येकीला मॉनिटर म्हणतात. मिसफायरसारखे काही मॉनिटर इंजिन चालू असेपर्यंत अखंड चालतात. कन्व्हर्टरसारखे काही एका प्रवासात एकदाच, तेही तापमान, वेग आणि भार यांचा ठरावीक मेळ जमला तरच चालतात.

याच्याशेजारी पीयूसीची चाचणी ठेवून पाहा. भारत स्टेज ४ या उत्सर्जनमानकाच्या पेट्रोल कारला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भाग ही मर्यादा आहे. इंजिनाचे फेरे वाढवून आणखी एक वाचन घेण्याची तरतूद आहे, पण तेव्हाही गाडी जागची हललेली नसते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. मोजली असती तरी फारसे काही हाती लागले नसते, कारण ज्वलनकक्षातले तापमान खूप चढले की ती तयार होतात. घाट चढणाऱ्या, माणसे आणि सामान भरलेल्या गाडीत ती होतात. केंद्रासमोर उभ्या असलेल्या गाडीत जवळपास नाहीच. कन्व्हर्टरचेही तसेच. आयडलिंगला धूर इतका कमी वाहतो की बराचसा झिजलेला कन्व्हर्टरही त्याला पुरा पडतो, आणि तोच रस्त्यावर भार पडताच हात टेकतो. थोडक्यात, गाडी सर्वांत कमी विष ओकते त्या क्षणी आपण तिला तपासतो. डिझेलची स्थिती याहून बरी नाही. ॲक्सिलरेटर एकदम दाबून धूर किती दाट आहे एवढेच तिथे पाहिले जाते. काळ्या धुराच्या जुन्या इंजिनांना ही परीक्षा योग्य होती. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत धुरातले सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर असतो. तो तडकला तरी बाहेर पडणारा धूर डोळ्याला आणि त्या यंत्राला दिसेलच असे नाही. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कणांची प्रत्यक्ष मोजदाद सुरू केली ती याच कारणासाठी.

गाडीच्या संगणकावर प्रदूषणतपासणी सोपवण्याचा दीर्घ अनुभव कॅलिफोर्नियाला आहे, आणि तो मुळापासून पाहण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसवर साचणारे डोळे झोंबवणारे धुके कारखान्यांपेक्षा मोटारींच्या धुरातून निपजते, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडून ते तयार होते, हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले. पुढे राज्याच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९८४ मध्ये तिथे गाड्यांची नियमित ‘स्मॉग चेक’ तपासणी सुरू झाली. ओबीडी-२ ही अंतर्गत तपासणीची पद्धत याच मंडळाच्या आग्रहातून आली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना ती सक्तीची झाली. आज कॅलिफोर्नियात २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल कारच्या सायलेन्सरला तपासणीत कुणी नळी लावत नाही; २०१५ पासून तिथे गाडीच्या सॉकेटला तपासयंत्र जोडले जाते, आणि भर असतो तो संगणकाच्या उत्तरांवर व इंजिनाच्या प्रत्यक्ष पाहणीवर. त्याहून जुन्या गाड्यांची धूरतपासणी मात्र चालूच आहे.

आता खरा मुद्दा. सॉकेटला यंत्र जोडल्यावर दिवा विझलेला आहे आणि स्मृतीत कोड नाही, एवढ्यावर प्रमाणपत्र मिळाले असते तर तिथल्या प्रत्येक गॅरेजवाल्याने तपासणीच्या दारात कोड पुसून दिले असते. तसे होत नाही, कारण कोड पुसला किंवा बॅटरी काढली की कोडबरोबर मॉनिटरांचे निकालही पुसले जातात. प्रत्येक मॉनिटरपुढे ‘अपूर्ण’ अशी नोंद येते आणि गाडी पुन्हा रस्त्यावर धावून ती चाचणी पार पडेपर्यंत ती नोंद तशीच राहते. तपासयंत्र ही नोंद सर्वांत आधी वाचते. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या पेट्रोल कारला इंधनाच्या टाकीतली वाफ गळते का हे पाहणारा एक मॉनिटर अपूर्ण चालतो, बाकीचे सगळे पूर्ण लागतात. ते नसतील तर गाडी सदोष ठरत नाही, पण प्रमाणपत्रही मिळत नाही. रक्तातली साखर तपासायला गेलेल्या माणसाला प्रयोगशाळेत ‘उपाशीपोटी आलात का’ असे विचारतात आणि नसल्यास उद्या यायला सांगतात, तसेच हे आहे. चाचणी चुकीच्या वेळी घेतली तर तिचा निकाल चांगला आला काय आणि वाईट आला काय, त्याला अर्थ नसतो. २०१९ च्या जुलैपासून तिथे आणखी एक पाऊल उचलले गेले. साधारण २०१० नंतरच्या गाड्यांत काही कोड कायमस्वरूपी नोंदले जातात. स्कॅनरने ते पुसता येत नाहीत, बॅटरी काढूनही जात नाहीत. त्याच मॉनिटरने पुन्हा तपासून दोष उरला नसल्याची खात्री केली तरच ते आपोआप निघतात. अशी नोंद शिल्लक असली तर गाडी नापास होते. मात्र कोड पुसल्यानंतर इंजिन १५ वेळा तापून गाडी २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर, चाललेली असेल तर या नोंदीकडे दुर्लक्ष केले जाते, कारण एवढ्या वापरात खरा दोष पुन्हा वर आल्याशिवाय राहत नाही.

म्हणून तिथे दुरुस्तीनंतर गाडी तपासणीसाठी तयार करणे हे एक वेगळे काम झाले आहे. इंजिन रात्रभर थंड पडू द्यायचे, इतके की त्यातल्या पाण्याचे तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास यावे. टाकी फार रिकामी ठेवायची नाही आणि काठोकाठ भरायचीही नाही, कारण दोन्ही स्थितींत वाफेची चाचणी सुरूच होत नाही. सकाळी गाडी सुरू करून दोनतीन मिनिटे तशीच उभी ठेवायची, म्हणजे सेन्सरचे हीटर किती वेळात तापतात ते संगणक पाहतो. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०–९० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने काही मिनिटे चालवायची. कन्व्हर्टरची चाचणी बहुधा इथे होते. नंतर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, ब्रेक न लावता वेग हळूहळू उतरू द्यायचा. हा क्रम प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो आणि एकाच दिवशी सगळे जुळेल असेही नाही. कॅलिफोर्नियात गाडी विकताना स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी सहसा विकणाऱ्यावर असते. त्यामुळे सॅन होजे किंवा फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या, जुनी गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे सोपस्कार चुकत नाहीत. वैतागवाणे आहेत खरे. पण या वैतागातून एक गोष्ट साधली जाते : दुरुस्ती केली आणि दिवा विझवला, या दोहोंतला फरक प्रमाणपत्राला कळतो.

आपल्या पीयूसीला तो कळत नाही. तिच्याजवळ दोनच उत्तरे आहेत, पास आणि नापास, आणि व्यवहारात बहुतेकदा एकच. दिल्लीतल्या वाहनप्रदूषणावरचा महालेखापालांचा जो अहवाल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला त्यात, मर्यादेपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन सोडणाऱ्या १.०८ लाख गाड्यांनाही प्रमाणपत्रे दिली गेल्याचे म्हटले आहे. ७६ हजारांहून अधिक वेळा तपासणी आणि प्रमाणपत्र हे दोन्ही एका मिनिटाच्या आत उरकले होते. नोंदी संगणकावर असतानाची ही अवस्था आहे. आणि या कागदाच्या पाठीशी कायद्याचे बळ तर मोठे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाचे नियम मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पीयूसी नसलेल्या गाडीला इंधन नाकारण्याच्या घोषणा दिल्लीत झाल्या, महाराष्ट्रातही झाल्या. शिक्षा कडक करत न्यायची आणि परीक्षा आहे तशीच पोकळ ठेवायची, याने हवा सुधारत नाही. प्रमाणपत्राचा भाव तेवढा वाढतो.

साधने आपल्याकडे नाहीत अशातला भाग नाही. भारत स्टेज ४ ची मानके १ एप्रिल २०१० पासून ज्या मोजक्या शहरांत लागू झाली त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर ही तिन्ही होती. या गाड्यांना २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडी-२ आवश्यक झाले, २०१७ मध्ये ती मानके देशभर पोचली, २०२० मध्ये भारत स्टेज ६ आले आणि २०२३ च्या एप्रिलपासून त्याचा दुसरा टप्पा. या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जन मोजणे आले, आणि गाडीतले मॉनिटर रोजच्या वापरात किती वेळा खरोखर चालले याची मोजणी ठेवणेही आले. ग्राहकाने गाडीच्या किमतीत या सगळ्याचे पैसे मोजले आहेत. सॉकेट आहे, संगणक आहे, प्रमाणित भाषा आहे. साधा स्कॅनर कोणत्याही गॅरेजात आहे, मोबाइलला जोडायचे छोटे उपकरण तर काहीशे रुपयांत मिळते. सॉकेटला स्कॅनर लावून उत्तर नोंदवण्याची पायरी मात्र पीयूसीच्या चाचणीत नाही.

यावर पहिला आक्षेप सामान्य गाडीमालकाच्या बाजूने येईल आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. ज्याने प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, किंवा नुसती बॅटरी बदलली, त्याचेही मॉनिटर अपूर्ण होतात. त्याला काहीही दोष नसताना केंद्रातून परत पाठवायचे का? माझे उत्तर असे की त्याला परत पाठवावे, पण दंडाशिवाय, पुन्हा शुल्क न घेता आणि मुदत देऊन. मॉनिटर अपूर्ण असतील तर महिनाभराचे तात्पुरते प्रमाणपत्र द्यावे आणि तेवढ्यात गाडी पुन्हा दाखवायला सांगावे. रोज धावणाऱ्या टॅक्सीचे मॉनिटर सहसा थोड्याच दिवसांत आपसूक पूर्ण होतात. अडचण येते ती आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाणाऱ्या गाडीला, आणि तिला महिना पुरेसा आहे. एकच गाडी दर वेळी ‘अपूर्ण’ अवस्थेतच येत असेल तर ती गोष्टही नोंदीत दिसेल आणि तिच्याकडे बारकाईने पाहता येईल. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही बहुतेक गाड्यांतून वाचता येतो. तो पाच किलोमीटर असेल तर कोड कुठे पुसला याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या रस्त्यांचा. ताशी ९० किलोमीटरने एकसारखी गाडी चालवायला हडपसर किंवा अंधेरीत जागा कुठे आहे? पण कॅलिफोर्नियातला चालवण्याचा क्रम इथे जशाच्या तसा लावण्याची गरजच नाही. आपल्याकडच्या गाड्या भारतीय चालचक्रावर मान्यता घेतात. त्यातला वेग ९० च्या वर जात नाही आणि त्याचा मोठा भाग शहरी, थांबत-चालत जाण्याचा आहे. मॉनिटर याच मापाने बसवलेले असतात. शिवाय मॉनिटर वापरात किती वेळा चालतात याचा हिशेब ठेवणे नव्या गाड्यांना आता बंधनकारक आहेच. एखाद्या मॉडेलचे मॉनिटर पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत पूर्णच होत नसतील तर ते पीयूसीच्या आकडेवारीत हजारो गाड्यांतून दिसेल, आणि जाब मालकाला विचारायचा नसून कंपनीला विचारायचा आहे हेही दिसेल. आज ही माहिती गोळा करणारे कुणीच नाही. कोणता मॉनिटर सवलतीत धरायचा, हे ठरवायला पुण्यातली एआरएआय ही संस्था समर्थ आहे. वाहनांना मान्यता देण्याच्या कामाचा तिचा अनुभव अनेक दशकांचा आहे.

तिसरा आक्षेप फसवणुकीचा. जो धुराची नळी दुसऱ्याच गाडीला लावतो तो स्कॅनरही दुसऱ्या गाडीला लावेल. लावेलच, कॅलिफोर्नियात हे घडले आहे आणि तिथल्या वाहनदुरुस्ती विभागाने त्यासाठी परवाने रद्द केले आहेत. फरक असा की धुराला नाव नसते. एका गाडीचा धूर दुसरीच्या नावावर खपवला तर तो मागाहून ओळखता येत नाही. संगणक मात्र आपली ओळख सांगतो. नव्या गाड्यांत चासी नंबर साठवलेला असतो, आणि जुन्यांतही कोणती माहिती कोणत्या पद्धतीने मिळते याचा प्रत्येक मॉडेलचा एक ठसा असतो. एकाच गाडीची उत्तरे दहा वेगळ्या नंबरांखाली आली तर ती आपोआप उघडी पडतात. आपली वाहननोंदणी जवळजवळ देशभर एकाच संगणकीय व्यवस्थेत असल्यामुळे हे ताडून पाहणे आपल्याला तुलनेने सोपे आहे. फसवणूक यामुळे संपणार नाही, पण ती करणाऱ्याला मागे पुरावा ठेवावा लागेल, आणि आज तेवढेही होत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गाडीचा संगणक कंपनीने लिहिलेला असतो. तो खोटे बोलला तर? फोक्सवागनने नेमके हेच केले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारी आज्ञावली कंपनीने डिझेल गाड्यांत घातली होती आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये ती जाहीरपणे उघड केली. या गाड्यांत ओबीडी होते, पण ते गप्प होते. भारतातही त्या कंपनीला तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. यातून मी असा निष्कर्ष काढतो की ओबीडीवर त्याच्या आवाक्यापलीकडचा भरवसा टाकू नये. कालांतराने झिजलेला, काढून टाकलेला किंवा बंद पडलेला भाग ते पकडते. मूळ रचनेतली लबाडी पकडणे त्याचे काम नाही. ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी गाडीवर यंत्र बसवून, रस्त्यावर चालवून, उत्सर्जन मोजले तेव्हा उजेडात आली. ते काम मान्यतेच्या टप्प्यावर आणि नंतरही नमुन्यादाखल चालू राहिले पाहिजे. आयडलिंगच्या चाचणीने तर फोक्सवागनची लबाडी जन्मात सापडली नसती, त्यामुळे हा आक्षेप आजच्या पद्धतीच्या बाजूने जात नाही. डिझेल फिल्टरच्या बाबतीतही ओबीडी कमकुवत आहे. फिल्टर काढून आज्ञावली बदलून देणारे लोक आहेत, आणि मग संगणक सगळे ठीक असल्याचे सांगतो. म्हणून भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांना युरोपीय देशांसारखी कणांची मोजणी जोडावी लागेल. आपले ओबीडीचे नियमही युरोपीय धर्तीचे आहेत. अमेरिकेत इंधनाच्या टाकीतून वाफ गळते का हे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रापर्यंत तपासले जाते, तितकी सक्ती इथे नाही. ही उणीव मान्य करूनच पुढे जायला हवे.

राहता राहिला सर्वांत जास्त धूर करणाऱ्या जुन्या गाड्यांचा प्रश्न. त्यांच्यात ओबीडी नाही, मग याचा उपयोग काय, असे विचारले जाईल. त्यांच्यासाठी धूरतपासणी राहावीच, किंबहुना ती नीट व्हावी. परंतु दरवर्षी रस्त्यावर जुन्यांचा वाटा घटतो आणि संगणक असलेल्यांचा वाढतो, शिवाय आजच्या नव्या गाड्याच उद्याच्या जुन्या होणार आहेत. दिल्लीत हरित लवादाच्या आदेशांमुळे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्या रस्त्याबाहेर काढण्याचा वाद वर्षानुवर्षे चालला, कारण वयाशिवाय गाडीची अवस्था जोखायचे विश्वासार्ह माप हाताशी नव्हते. नीट निगा राखलेली बारा वर्षांची गाडी भंगारात जावी आणि कन्व्हर्टर काढून विकलेली चार वर्षांची गाडी प्रमाणपत्र घेऊन फिरावी, हा मालकांवरही अन्याय आहे आणि श्वास घेणाऱ्यांवरही. मॉनिटर पूर्ण असलेल्या संगणकाची नोंद हे वयापेक्षा कितीतरी न्याय्य माप आहे.

नियम बदलणे केंद्र सरकारच्या हाती आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५ वा नियम त्यासाठी दुरुस्त करावा लागेल. पण त्याआधी राज्य सरकारला काही करता येण्याजोगे आहे. मुंबई, पुणे आणि सोलापूर इथल्या निवडक पीयूसी केंद्रांत वर्षभर सॉकेटची तपासणी केवळ नोंदीसाठी करावी. प्रमाणपत्र आजच्याच निकषांवर द्यावे, मात्र दिवा चालू आहे का, कोणते मॉनिटर पूर्ण आहेत आणि कोड पुसून गाडी किती चालली, हे लिहून ठेवावे आणि मालकालाही छापून द्यावे. सरकारी ताफ्यातल्या गाड्यांपासून सुरुवात केली तर कुणाची तक्रार यायचे कारण नाही. गॅरेजांनाही एक साधे बंधन घालता येईल : कोड पुसला असेल तर तो कोणता होता आणि त्यासाठी कोणता भाग बदलला, हे बिलावर लिहिलेले असावे. वर्षअखेर मॉडेलनिहाय, इंधननिहाय आकडे प्रसिद्ध करावेत. धुराच्या नळीने पास केलेल्या किती गाड्यांच्या संगणकात दोषाची नोंद होती आणि किती गाड्यांचे मॉनिटर अपूर्ण होते, हे दोन आकडे समोर आले की केंद्राच्या अधिसूचनेत काय असावे यावर अंदाजाने बोलावे लागणार नाही.